विचारणारा कोण? : मॅनेज्ड स्विचवर मल्टिकास्ट लावताना

समजा, देवळाली प्रवरा येथील एका मंगल कार्यालयात लग्न आहे. स्टेजसमोर सगळे पाहुणे मावत नाहीत, म्हणून स्टेजवरचे चित्र जेवणाच्या हॉलमध्ये, वधू-वरांच्या खोल्यांत आणि बाहेरच्या मांडवात अशा आठ टीव्हींवर दाखवायचे ठरले. कॅमेऱ्याला एक पाठवणारा डबा जोडला, त्याला सेंडर म्हणतात. प्रत्येक टीव्हीला एक घेणारा डबा जोडला, तो रिसीव्हर. मध्ये नेटवर्क स्विच. चित्र लगेच आले, पण ऑफिसमधला बिलाचा संगणक अडखळू लागला आणि वायफाय चालेनासे झाले. किंवा दुसरा प्रकार : सगळे नीट चालू असताना, मंगलाष्टके सुरू झाल्यावर चार-साडेचार मिनिटांनी आठही टीव्हींवरचे चित्र गोठले.

हे दोन्ही बिघाड नेहमीचे आहेत. केबल बदलून किंवा नवे डबे आणून ते जात नाहीत, कारण त्यांचे मूळ स्विचच्या सेटिंगमध्ये असते. शाळेच्या वर्गांत एकच पाठ दाखवायचा असो, पतसंस्थेतले कॅमेरे अनेक पडद्यांवर पाहायचे असोत की सभागृहाचा आवाज नेटवर्कवरून न्यायचा असो, गोष्ट तीच. ती आपण पायरीपायरीने पाहू. नेटवर्कचे शिक्षण असण्याची गरज नाही. स्विचच्या सेटिंगचे पान उघडता आले की पुरे.

मल्टिकास्ट म्हणजे काय

नेटवर्कवर माहिती मुख्यतः तीन प्रकारे जाते. युनिकास्ट म्हणजे एकाने एकालाच पाठवणे. ब्रॉडकास्ट म्हणजे एकाने सगळ्यांना पाठवणे, कोणाला हवे असो वा नसो. मल्टिकास्ट म्हणजे एकाने एकदाच पाठवायचे आणि ज्यांनी मागितले त्यांनाच ते पोचवायचे.

आपल्या उदाहरणातले चित्र सेकंदाला १५ मेगाबिट घेते असे धरू. युनिकास्टने आठ टीव्हींना पाठवायचे तर सेंडरला आठ प्रती काढाव्या लागतील, म्हणजे १२० मेगाबिट. सेंडरचे पोर्ट १०० मेगाबिटचे असेल तर ते तिथेच अडले. मल्टिकास्टमध्ये सेंडर १५ मेगाबिटच पाठवतो. टीव्ही आठ असोत की ऐंशी, त्याच्यावरचा भार वाढत नाही, कारण प्रती काढण्याचे काम स्विच करतो.

या पद्धतीचा पाया स्टीव्ह डिअरिंग यांनी स्टॅनफर्ड विद्यापीठात असताना घातला आणि १९८९ मध्ये तिचे नियम प्रसिद्ध झाले. सर्वांना एकाच वेळी माहिती मिळणे किती मोलाचे असते, हे मुंबईत दिसले. राष्ट्रीय शेअर बाजार आपल्या आवारात सर्व्हर ठेवणाऱ्या दलालांना भावांची क्षणाक्षणाची माहिती आधी एकेकाला, जोडणीच्या क्रमाने पाठवत असे. आधी जोडला गेलेल्याला ती आधी मिळे. बाजार नियामक सेबीच्या ३० एप्रिल २०१९ च्या आदेशात या रचनेची सविस्तर चर्चा आहे. त्याआधीच, २०१४ मध्ये, बाजाराने मल्टिकास्टची पद्धत आणली होती.

स्विच गोंधळतो कुठे

साध्या, सेटिंग नसलेल्या स्विचला मल्टिकास्ट कोणाला हवे आहे हे कळत नाही. म्हणून तो ते सगळ्या पोर्टांवर ओततो. बिलाच्या संगणकाकडे नको असलेले १५ मेगाबिटचे चित्र जाते, देखरेखीच्या कॅमेऱ्यांकडे जाते, वायफायच्या डब्याकडेही जाते. काही सेंडर चित्र फारसे न दाबता पाठवतात आणि सेकंदाला १०० मेगाबिटच्या आसपास घेतात. तसा सेंडर असेल तर १०० मेगाबिटचे प्रत्येक उपकरण गुदमरते.

मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याचे सेटिंग करता येते असा स्विच, यावर उपाय करू शकतो. रिसीव्हर चालू झाला की तो ‘मला अमुक गटाचे चित्र हवे’ असा छोटा संदेश पाठवतो. या संदेशांच्या नियमावलीला आयजीएमपी म्हणतात. स्विच हे संदेश वाटेत ऐकतो, कोणत्या पोर्टावरून मागणी आली ते टिपतो आणि तेवढ्याच पोर्टांवर चित्र सोडतो. या ऐकण्याला आयजीएमपी स्नूपिंग म्हणतात.

पण मागणी कायमची नसते, आणि बहुतेकांची चूक इथेच होते. भंडारदरा धरणातून प्रवरेच्या कालव्याला आवर्तन सुटते तेव्हा पाणी मागणी अर्जांवर दिले जाते. पाटबंधारे खाते हंगामासाठी नमुना सातचे अर्ज मागवते, ज्यांचे अर्ज येतात त्यांच्या चाऱ्यांना पाणी मिळते, आणि मागच्या हंगामाचा अर्ज या हंगामाला चालत नाही. स्विचमध्येही तसेच आहे. कोणीतरी ठरावीक वेळाने ‘कोणाला काय हवे आहे?’ असे विचारावे लागते. या विचारणाऱ्याला क्वेरियर म्हणतात. स्नूपिंग चालू केले पण क्वेरियर नेमला नाही, तर जुन्या मागण्यांची मुदत संपते आणि चित्र थांबते.

एवढे लक्षात राहिले तर अर्धे काम झाले. ऐकणारा आणि विचारणारा, दोघेही लागतात.

पायरी १ : आधी कागदावर काढा

कोणता सेंडर, रिसीव्हर, संगणक आणि वायफायचा डबा कोणत्या स्विचच्या कितव्या पोर्टात आहे ते लिहून काढा. दोन स्विच असतील तर त्यांना जोडणारी केबल, म्हणजे अपलिंक, वेगळ्या रंगाने दाखवा.

मग स्विचचा नमुना क्रमांक पाहून त्याच्या माहितीपुस्तकात ‘आयजीएमपी स्नूपिंग’ आणि ‘आयजीएमपी क्वेरियर’ या दोन्ही गोष्टी आहेत का ते तपासा. स्वस्त ‘स्मार्ट’ स्विचमध्ये पुष्कळदा पहिली असते आणि दुसरी नसते. विकत घेण्यापूर्वीच हे पाहिले तर पुढचा त्रास वाचतो.

पायरी २ : गटाचा पत्ता ठरवा

मल्टिकास्टचे पत्ते २२४.०.०.० ते २३९.२५५.२५५.२५५ या पट्ट्यात असतात. संस्थेच्या आतल्या वापरासाठी २३९ ने सुरू होणारे पत्ते राखलेले आहेत, म्हणून त्यांतलेच घ्या. मुख्य हॉलच्या चित्राला २३९.१०.१०.१ आणि दुसऱ्या हॉलच्या चित्राला २३९.१०.१०.२, असे सरळ क्रमांक ठेवा.

२२४.०.०.० ते २२४.०.०.२५५ हे पत्ते नेटवर्कच्या आतल्या कारभारासाठी आहेत. त्यांवरची माहिती स्विच नेहमी सगळीकडे पाठवतो, त्यामुळे तिथे चित्र लावू नका. २३९.२५५.२५५.२५० हा पत्ता उपकरणे एकमेकांना शोधायला वापरतात, तोही टाळा.

इथे एक लपलेला खड्डा आहे. अनेक स्विच गट ओळखताना पूर्ण पत्ता न पाहता त्यावरून बनणारा हार्डवेअर पत्ता पाहतात, आणि त्यात मूळ पत्त्याचे शेवटचे २३ बिटच उतरतात. त्यामुळे ३२ वेगवेगळे पत्ते अशा स्विचला एकच वाटतात. २३९.१०.१०.१ आणि २३९.१३८.१०.१ हे त्याच्या दृष्टीने सारखेच. तसेच २३९.०.०.१ आणि २३९.१२८.०.१ हे दोन्ही कारभाराच्या २२४.०.०.१ शी जुळतात आणि सगळीकडे ओतले जातात. म्हणून दुसरा आकडा ० किंवा १२८ असलेले पत्ते घेऊच नका. दुसरा आणि तिसरा आकडा तोच ठेवून फक्त शेवटचा बदलला की घोळ होत नाही.

काही सेंडरमध्ये पत्ता कारखान्यातूनच पक्का केलेला असतो. तसे असेल तर तो नोंदवून ठेवा. त्याच बनावटीचे दोन सेंडर एकत्र लावले तर दोघांचा पत्ता एकच नाही ना, हे आधी तपासा.

पायरी ३ : चित्रासाठी वेगळा व्हीलॅन

व्हीलॅन म्हणजे एकाच स्विचचे, सेटिंगमधून केलेले, स्वतंत्र भाग. एका भागातले मल्टिकास्ट आपोआप दुसऱ्या भागात जात नाही. म्हणून सेंडर आणि सगळे रिसीव्हर एका व्हीलॅनमध्ये, तर संगणक, वायफाय आणि कॅमेरे दुसऱ्यामध्ये ठेवणे चांगले. स्नूपिंग कधी चुकून बंद पडले तरी बिलाचा संगणक वाचतो.

इथली नेहमीची चूक अशी की सात रिसीव्हर चित्राच्या व्हीलॅनमध्ये जातात आणि आठवा जुन्यात राहतो. तो टीव्ही काळाच राहतो आणि डबा खराब असल्याची समजूत होते. पहिल्या पायरीचा कागद समोर ठेवून एकेक पोर्ट टिकमार्क करा. दोन स्विचमधली अपलिंक दोन्ही व्हीलॅन वाहून नेणारी करायला विसरू नका.

पायरी ४ : स्नूपिंग चालू करा

स्विचच्या पानावर ‘मल्टिकास्ट’ किंवा ‘लेयर टू’ या विभागात आयजीएमपी स्नूपिंग मिळेल. पुष्कळ स्विचमध्ये ते दोन ठिकाणी चालू करावे लागते : एकदा पूर्ण स्विचसाठी, एकदा त्या व्हीलॅनसाठी. फक्त पहिले चालू करून थांबले तर काहीच फरक पडत नाही.

आवृत्ती विचारली तर २ निवडा आणि सगळ्या स्विचवर तीच ठेवा. आवृत्ती ३ मध्ये विशिष्ट सेंडरकडूनच चित्र मागण्याची सोय आहे, पण साध्या कामाला तिची गरज नसते. आवृत्ती ३ जाणणारे उपकरण आवृत्ती २ चा प्रश्न आला की त्याच भाषेत उत्तर देते.

पायरी ५ : क्वेरियर नेमा

ही सगळ्यांत महत्त्वाची पायरी, म्हणून इथे थोडे थांबू.

रिसीव्हर चालू होताना एकदा मागणी पाठवतो. पुढे त्याला कोणी विचारले तरच तो पुन्हा उत्तर देतो. नियमावलीप्रमाणे क्वेरियर दर १२५ सेकंदांनी विचारतो आणि उत्तरासाठी १० सेकंद देतो. दोन वेळा विचारून होईल एवढ्या काळात उत्तर आले नाही, तर स्विच ती नोंद पुसतो. हिशेब करा : १२५ चे दुप्पट २५० आणि वर १०, म्हणजे २६० सेकंद. चार मिनिटे वीस सेकंद. टीव्ही चालू करून साधारण एवढ्या वेळाने चित्र जात असेल, आणि डबा बंद-चालू केल्यावर परत येऊन पुन्हा तेवढ्याच वेळाने जात असेल, तर क्वेरियर नाही असे बिनदिक्कत समजा.

क्वेरियर हा सगळ्यांच्या मधल्या स्विचवर चालू करा, म्हणजे ज्याला सेंडर जोडलेला आहे आणि बाकीचे स्विच ज्याला येऊन मिळतात त्यावर. त्या स्विचला चित्राच्या व्हीलॅनमध्ये स्वतःचा आयपी पत्ता द्या, उदाहरणार्थ १९२.१६८.५०.१. पत्ता दिला नाही तर काही स्विच ०.०.०.० या पत्त्यावरून प्रश्न पाठवतात. काही उपकरणे अशा प्रश्नाकडे दुर्लक्ष करतात, आणि दुसरे स्विचही तो प्रश्न खऱ्या क्वेरियरकडून आला असे मानत नाहीत.

एका व्हीलॅनमध्ये दोन क्वेरियर असले तर ज्याचा आयपी पत्ता लहान, तो काम पाहतो आणि दुसरा गप्प राहतो. याचा उपयोग करून घ्या. मुख्य स्विचला सगळ्यांत लहान पत्ता द्या आणि दुसऱ्या स्विचवरही क्वेरियर चालू ठेवा. मुख्य क्वेरियर गप्प झाला तर उरलेल्या भागात विचारणारा कोणीतरी राहतो.

पायरी ६ : दोन स्विच असतील तर

रिसीव्हरच्या मागण्या स्विच सगळीकडे पाठवत नाही. ज्या दिशेने क्वेरियरचा प्रश्न आला, त्याच पोर्टावर त्या पुढे जातात. या पोर्टाला राउटर पोर्ट म्हणतात, मग पलीकडे राउटर असो वा नसो. क्वेरियर नसेल तर राउटर पोर्टही ठरत नाही, आणि जेवणाच्या हॉलमधल्या स्विचवरच्या मागण्या स्टेजजवळच्या स्विचपर्यंत पोचतच नाहीत. स्टेजजवळचे टीव्ही चालतात, हॉलमधले मात्र सुरुवातीपासून काळे. असे दिसले तर दुसऱ्या स्विचच्या पानावर राउटर पोर्ट म्हणून अपलिंकचा क्रमांक दिसतो का ते पाहा. दिसत नसेल आणि क्वेरियर ठीक असेल, तर तो हाताने नेमता येतो.

राउटर पोर्टाकडे मागणी असो वा नसो, सगळीच मल्टिकास्ट चित्रे जातात. सेंडर एका टोकाच्या स्विचवर आणि क्वेरियर दुसऱ्या टोकाला असेल, तर अपलिंकवर उगाच भार पडतो. क्वेरियर सेंडरजवळ ठेवण्याचे हे आणखी एक कारण. अपलिंक १००० मेगाबिटचीच असू द्या.

पायरी ७ : अनोळखी मल्टिकास्टचे काय करायचे

ज्या गटाची मागणी कोणीच केलेली नाही, त्याचे चित्र स्विचने ओतायचे की टाकून द्यायचे, हे ठरवणारे एक सेटिंग असते. ते ‘ओता’ वर असेल, तर सगळे टीव्ही बंद असताना सेंडर मात्र सगळ्या पोर्टांवर चित्र ओतत राहतो. चित्राच्या व्हीलॅनसाठी ते ‘टाका’ वर ठेवा, पण क्वेरियर नीट चालल्याची खात्री झाल्यावरच. आधी केले तर दोष कुठे आहे ते कळत नाही.

काही स्विचमध्ये हे सेटिंग पूर्ण स्विचला लागू होते. ते बदलल्यावर कॅमेरे रेकॉर्डरला आपोआप सापडेनासे झाले, तर आधी इथे पाहा.

काही जुने रिसीव्हर मागणीचा संदेश पाठवतच नाहीत. त्यांच्यासाठी गटाचा पत्ता आणि त्यांचे पोर्ट स्विचमध्ये हाताने, कायमची नोंद म्हणून भरावे लागतात.

पायरी ८ : लगेच सोडणे

रिसीव्हर गट सोडतो तेव्हा स्विच ‘या पोर्टावर आणखी कोणी आहे का?’ असे विचारून थोडे थांबतो. ‘फास्ट लीव्ह’ चालू केले तर न विचारता चित्र बंद करतो, त्यामुळे वाहिनी बदलणे झटपट होते. ज्या पोर्टावर एकच रिसीव्हर आहे तिथेच ते वापरा. अपलिंकवर किंवा खाली छोटा स्विच लावलेल्या पोर्टावर चालू केले, तर एक टीव्ही बंद करताच शेजारचे टीव्हीही काळे पडतात.

पायरी ९ : वायफायला यातून बाहेर ठेवा

वायफायवर मल्टिकास्ट सहसा सर्वांत सावकाश वेगाने जाते, म्हणजे दूरच्या जुन्या फोनलाही ते ऐकू यावे. हा वेग सेकंदाला ६ मेगाबिट किंवा त्याहून कमी असू शकतो. त्यात १५ मेगाबिटचे चित्र मावणार नाही, आणि ते मावण्याच्या खटपटीत पाहुण्यांचे फोनही अडतील. म्हणून वायफायचा डबा चित्राच्या व्हीलॅनमध्ये जोडू नका. एखादा टीव्ही वायफायवरच चालवणे भाग असेल, तर मल्टिकास्टचे युनिकास्टमध्ये रूपांतर करण्याची सोय असलेला डबा घ्या.

पायरी १० : तपासणी

आठपैकी दोनच टीव्ही चालू करा आणि स्विचमधला आयजीएमपी गटांचा तक्ता उघडा. २३९.१०.१०.१ या पत्त्यासमोर त्या दोन टीव्हींचे पोर्ट दिसले पाहिजेत. सोबत राउटर पोर्ट दिसले तर ते ठीकच आहे. त्याच पानाच्या आसपास क्वेरियर म्हणून आपण नेमलेला आयपी पत्ताही दिसायला हवा.

मग स्विचच्या दिव्यांकडे पाहा. चित्र चालू आहे, त्याच व्हीलॅनमधल्या एखाद्या उपकरणाने ते मागितलेले नाही, तरी त्याच्या पोर्टाचा दिवा सारखा फडफडत असेल, तर चित्र अजून तिकडे ओतले जात आहे. पोर्टाचे आकडे दाखवणाऱ्या पानावर हेच संख्येत दिसेल.

लॅपटॉप जोडून पाहणार असाल तर आधी त्याचे वायफाय बंद करा. नाहीतर लॅपटॉप मागणी वायफायवरून पाठवतो आणि केबलवर चित्र येत नाही. वायरशार्क हे मोफत साधन उघडून आयजीएमपीचे संदेश तेवढे गाळून घेतले, तर दर १२५ सेकंदांनी येणारा प्रश्न डोळ्यांनी पाहता येतो.

शेवटी सगळे टीव्ही चालू ठेवून किमान दहा मिनिटे हात न लावता थांबा. दोन मिनिटांत ‘चालतंय’ म्हणून काम संपवले, तर चार मिनिटे वीस सेकंदांची अडचण लग्नाच्या दिवशीच कळते.

पायरी ११ : सेटिंग जतन करा

पुष्कळ स्विचमध्ये केलेला बदल लगेच लागू होतो, पण कायमचा होत नाही. त्यासाठी ‘सेव्ह’चे वेगळे बटण असते. ते दाबायचे राहिले आणि वीज गेली, तर स्विच जुन्या सेटिंगने उठतो. जतन केल्यावर स्विच एकदा मुद्दाम बंद करून चालू करा आणि गटांचा तक्ता पुन्हा पाहा. सेटिंगची फाईल संगणकावर उतरवून ठेवा. मुख्य स्विच आणि सेंडर दोन्ही यूपीएसवर असू द्या.

रॅकच्या दारावर एक कागद

काम झाल्यावर एक कागद स्विचच्या रॅकच्या दाराला आतून चिकटवा. त्यावर चार ओळी पुरेत : चित्राच्या व्हीलॅनचा क्रमांक, प्रत्येक हॉलच्या गटाचा पत्ता, क्वेरियर कोणता स्विच आहे आणि त्याचा आयपी पत्ता, आणि अपलिंकची पोर्टे. पासवर्ड त्यावर लिहू नका, तो कार्यालयाच्या मालकांकडे वेगळा ठेवा.

उद्या कोणी नवा स्विच बसवेल, जुना काढेल, एखादा हॉल वाढवेल. काढलेला स्विचच क्वेरियर असेल आणि दुसरा क्वेरियर चालू नसेल, तर बाकी सगळे जागच्या जागी असूनही चित्र थांबेल. म्हणून कोणताही स्विच काढण्यापूर्वी कागदावरची तिसरी ओळ वाचा, आणि नवा स्विच बसवल्यावर विचारण्याचे काम आता कोण करणार ते आधी ठरवा.